मजबूत हातगाडी कशी निवडावी?

मालेगावहून अकोल्याला जाताना मेडशीच्या पुढे घाट लागतो. एस.टी. वळणे घेत घेत खाली उतरते आणि पातूरनंतर सपाट मुलूख सुरू होतो. या खालच्या मुलखाला पूर्वी पयनघाट म्हणत आणि आपल्या वरच्या मुलखाला बालाघाट म्हणत. 'बाला' म्हणजे वरचा आणि 'पाईन' म्हणजे खालचा. हे फारसी शब्द तुम्हाला उर्दूतून माहीत असतील.

आपला वाशीम जिल्हा असा उंचावर आहे. म्हणून इथले पाणी दोन दिशांना वाहते. काटेपूर्णा नदी उत्तरेकडे जाऊन पूर्णेला मिळते. पैनगंगेचे पाणी मात्र शेवटी गोदावरीत जाते. जिथे पाणी असे वाटले जाते तिथे जमीन सपाट कशी असेल? तालुक्यातील अनेक घरे, गोठे आणि शेते चढावर किंवा उतारावर आहेत. घर वर आणि विहीर खाली, किंवा गोठा खाली आणि शेत वर, असे दृश्य आपण नेहमी पाहतो.

अशा ठिकाणी ओझे वाहणे हे रोजचेच काम असते. शेणखत वर न्यायचे, मुरूम आणायचा, दगड हलवायचे, जळण आणायचे, पाण्याचे कॅन भरून आणायचे. हे ओझे बहुतेक घरी डोक्यावरून जाते, आणि ते डोके बहुधा घरातील बाईचे असते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे निघाली. त्या कामांवर रस्ते झाले, तलाव झाले, बांध झाले. त्यांची कितीतरी माती बायकांनी घमेल्यांत भरून डोक्यावरून वाहिली.

ओझे डोक्यावरून उतरवून चाकावर ठेवणारे एक साधे साधन आहे. त्याला पुढे एक चाक, मागे दोन पाय, दोन मुठी आणि मध्ये खोलगट पत्रा असतो. कुणी तिला ढकलगाडी म्हणते, कुणी एकचाकी हातगाडी म्हणते. दुकानात ती 'व्हीलबॅरो' या नावानेही मिळते. सपाट अंगणात कोणतीही गाडी चालते. परंतु चढउताराच्या घरी चुकीची गाडी घेतली, तर ती दोन महिन्यांत कोपऱ्यात पडते आणि घमेले पुन्हा डोक्यावर चढते. पैसे जातात ते वेगळेच. म्हणून गाडी निवडताना काय पाहावे, हे आपण आज समजून घेऊ.

गाडी ओझे कसे उचलते?

विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही तरफेचा पाठ वाचला असेल. एकचाकी हातगाडी ही दुसऱ्या प्रकारची तरफ आहे. चाकाचा आस हा तिचा टेकू. पत्र्यातील माल हा भार. आपण मुठींवर लावतो ते बल.

आता थोडा हिशेब करू. गाडीचे स्वतःचे वजन सध्या बाजूला ठेवू. पत्र्यात ६० किलो शेणखत आहे. त्या मालाचा मध्य आसापासून ४० सेंटिमीटर दूर आहे. मुठी आसापासून १२० सेंटिमीटर दूर आहेत. ६० ला ४० ने गुणले तर २४०० येतात. त्यांना १२० ने भागले तर २० येतात. म्हणजे हातांवर फक्त २० किलो भार येतो. उरलेले ४० किलो चाक उचलते.

हाच माल मागे सरकला आणि त्याचा मध्य आसापासून ६० सेंटिमीटरवर आला, तर काय होईल? ६० गुणिले ६० म्हणजे ३६००, भागिले १२० म्हणजे ३०. माल तोच, गाडी तीच, पण हातांवर १० किलो जास्त आले. यावरून पहिला नियम मिळतो. ज्या गाडीत माल चाकाजवळ राहतो आणि मुठी लांब असतात, ती गाडी हाताला हलकी.

ही गोष्ट चीनमधील कारागिरांना फार पूर्वीच कळली होती. तेथील दुसऱ्या शतकातील कोरीव चित्रांत एकचाकी गाडी दिसते. इ.स. २३१ च्या सुमारास जूगे ल्यांग या सेनानीने डोंगराळ वाटेने सैन्याला धान्य पोहोचवण्यासाठी 'लाकडी बैल' वापरला, असे तेथील इतिहासात नमूद आहे. हा लाकडी बैल म्हणजे एकचाकी गाडीच असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे चीनमध्ये रूढ झालेल्या गाडीत मोठे चाक मधोमध असे आणि माल त्याच्या दोन्ही बाजूंना ठेवत. त्यामुळे जवळजवळ सगळे वजन चाकावर येई. युरोपात ही गाडी मध्ययुगात आली. तिचे चाक पुढे होते, त्यामुळे वजनाचा काही भाग माणसाच्या हातांवर राहिला. आपल्या दुकानांत मिळते ती या दुसऱ्या प्रकारची गाडी. म्हणून माल चाकाच्या किती जवळ आहे, हे आपल्यालाच पाहावे लागते.

आधी वाट मोजा

दुकानात जाण्यापूर्वी घरची वाट पाहा. चढ किती आहे, हे मोजणे सोपे आहे. एक मीटर लांबीची सरळ काठी घ्या. तिचे एक टोक चढाच्या बाजूला जमिनीवर टेकवा. दुसरे टोक उचलून काठी आडवी धरा. काठीवर पाण्याने अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवा. बाटलीतील पाण्याची रेघ बाटलीच्या लांबीला समांतर झाली की काठी सपाट झाली असे समजा. आता उचललेल्या टोकाखाली जमिनीपर्यंत किती अंतर आहे ते मोजा. ते १० सेंटिमीटर भरले, तर चढ दहास एक आहे. २० सेंटिमीटर भरले, तर चढ पाचास एक आहे.

या आकड्यांचा उपयोग काय? समजा, गाडी २० किलोची आणि माल ६० किलोचा, म्हणजे एकूण वजन ८० किलो झाले. दहास एक चढावर ही गाडी सुमारे ८ किलोच्या जोराने तुम्हाला मागे ढकलते. पाचास एक चढावर ती सुमारे १६ किलोच्या जोराने मागे ढकलते. हा जोर मुठी उचलण्याच्या जोराशिवाय वेगळा लावावा लागतो. मऊ माती आणि खडे असले तर आणखी थोडा लागतो.

म्हणून उभ्या चढावर गाडी सरळ नेऊ नका. घाटातला रस्ता वळणे का घेतो? तेवढीच उंची लांब वाटेने चढली, तर चढ सौम्य होतो. घराच्या वाटेलाही हीच युक्ती लागू पडते. वाट दुप्पट लांब केली की चढ निम्मा होतो. मध्ये एकदोन ठिकाणी विसाव्यासाठी सपाट जागा करा. वाट पाचास एकपेक्षा उभी असेल आणि वळवता येत नसेल, तर तिथे कितीही मजबूत गाडी घेतली तरी उपयोग नाही. अशा ठिकाणी थोडे थोडे ओझे वाहून नेणेच बरे.

चाक पाहा

चढउताराच्या वाटेवर सर्वांत महत्त्वाचे असते ते चाक. वाटेत ५ सेंटिमीटर उंचीचा दगड आला असे समजा. २० सेंटिमीटर व्यासाच्या लहान चाकाला तो ओलांडण्यासाठी जेवढा जोर लागतो, त्याच्या सुमारे निम्म्या जोरात ४० सेंटिमीटर व्यासाचे चाक तो ओलांडते. म्हणून चाक मोठे घ्यावे.

चाक रुंदही हवे. आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात अरुंद चाक रुतते. इंग्लंडमधील जेम्स डायसन यांनी १९७४ मध्ये चाकाच्या जागी एक जाड गोळा बसवलेली गाडी बाजारात आणली. गोळ्याचे वजन जास्त जागेवर पसरते, म्हणून तो मऊ मातीत कमी रुततो. आपल्याला गोळा नको, पण रुंद टायर जरूर हवा. चाक आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी पट्ट्या यांच्यात दोन बोटे तरी मोकळी जागा असावी. नाहीतर चिकट माती त्यात अडकते आणि चाक फिरणेच बंद होते.

टायर हवेचा घ्यावा की भरीव रबराचा? हवेचा टायर दगडांवर दबतो, त्यामुळे हाताला हिसके कमी बसतात. पण वाटेवर बाभळीची झाडे असतील, तर काटे त्याला टिकू देणार नाहीत. भरीव टायर पंक्चर होत नाही, मात्र हिसके जास्त देतो. म्हणून वाट दगडांची असेल तर हवेचा टायर घ्या आणि काट्यांची असेल तर भरीव टायर घ्या. हवेचा टायर घेतलात, तर त्या मापाची ट्यूब मालेगावातच मिळते का, हे दुकानदाराला आधीच विचारा. एका ट्यूबसाठी वाशीम किंवा अकोला गाठावे लागले, तर गाडी पडून राहते.

दुकानात तुम्हाला दोन चाकांची गाडीही दाखवतील. ती सपाट जागेवर चांगली. तिला तोल सांभाळावा लागत नाही. पण वाट आडव्या उतारावरून जात असेल, तर तिचे एक चाक वर आणि एक खाली राहते. मग सगळी गाडी कलते. एकचाकी गाडी मुठींनी सरळ ठेवता येते. शिवाय ती धुऱ्यावरच्या अरुंद पायवाटेनेही जाते.

पत्रा, सांगाडा आणि पाय

पत्र्याची जाडी 'गेज' या मापात सांगतात. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. गेजचा आकडा जेवढा मोठा, तेवढा पत्रा पातळ. १६ गेजचा पत्रा सुमारे १.६ मिलिमीटर जाड असतो. २० गेजचा पत्रा एक मिलिमीटरही भरत नाही. दगड वाहायचे असतील, तर पातळ पत्रा लवकर पोचतो. मग पोचे पडलेल्या जागी पाणी साचते आणि गंज धरतो. पत्र्याची वरची कड गोल वळवलेली असावी. त्याने पत्रा ताठ राहतो आणि हातही कापत नाही. फक्त शेणखत, पाला आणि जळण वाहायचे असेल, तर पातळ पत्राही पुरतो.

पत्र्याचा आकारही पाहा. तो पुढे चाकाकडे उतरता आणि खोल असावा. त्यामुळे माल आपोआप चाकाजवळ जातो आणि खाली राहतो. उंच रचलेला माल उतारावर गाडी उलटवतो.

मोठा पत्रा म्हणजे मजबूत गाडी, असे समजू नका. ८० लिटरच्या पत्र्यात शेणखत भरले, तर वजन ५० किलोच्या आसपास होते. तोच पत्रा ओल्या मातीने काठोकाठ भरला, तर वजन १०० किलोच्या वर जाते. एवढी गाडी चढावर एका माणसाला आवरत नाही. म्हणून आपल्या घरी सर्वांत जड वस्तू कोणती वाहायची आहे, ते ठरवून पत्र्याचे माप घ्या.

यानंतर गाडी उलटी करा आणि सांगाडा पाहा. मुठीपासून चाकापर्यंत एकच अखंड पाइप असेल तर उत्तम. मध्ये जोड असेल, तर वजन नेमके त्या जोडावर येते. वेल्डिंग सलग आहे की नुसते ठिपके मारले आहेत, ते बघा. चाक हातात धरून डावीकडे उजवीकडे हलवा. नवीन गाडीचेच चाक डुगडुगत असेल, तर पुढे काय होईल?

गाडीच्या पायांकडे बहुतेक लोक लक्ष देत नाहीत. चढउतारावर मात्र पाय हाच गाडीचा ब्रेक असतो. उतरताना गाडी पळू लागली, तर मुठी खाली करायच्या, म्हणजे पाय जमिनीला घासतात आणि गाडी थांबते. यासाठी पाय जाड पट्टीचे आणि एकमेकांपासून दूर असावेत. दोन पायांना जोडणारी आडवी पट्टी असावी. जवळजवळ असलेल्या पायांवर उभी केलेली भरलेली गाडी उतारावर सहज आडवी होते.

गाडी कोण चालवणार?

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. 'मजबूत' हा शब्द मराठीत आणि उर्दूत एकच आहे. बाजारात आपण पुष्कळदा त्याचा अर्थ 'जड' असा घेतो. दुकानदार लोखंडावर हात आपटून दाखवतो आणि आपण खूश होतो. पण गाडीचे प्रत्येक जादा किलो रिकाम्या फेरीतही चढावर न्यावे लागते. मजबूत म्हणजे जिथे जोर येतो तिथे भक्कम. तो जोर आसावर, जोडांवर, पायांवर आणि मुठींवर येतो. बाकीच्या जागी लोखंड वाढवल्याने गाडी मजबूत होत नाही, चालवणारा तेवढा थकतो.

गाडी विकत घ्यायला बहुधा घरातले अब्बा किंवा चाचा जातात. पण ती रोज चालवणार कोण? अम्मी? मोठी आपा? मग त्यांनीच ती आधी उचलून पाहिली पाहिजे. सरळ उभे राहून हात खाली सोडले की मुठी हातात याव्यात. मुठी उचलण्यासाठी कमरेतून वाकावे लागू नये. मुठी उचलल्यावर आणि कोपर किंचित वाकवल्यावर पाय जमिनीपासून चांगले वर राहावेत. नाहीतर वाटेतल्या प्रत्येक दगडाला ते अडकतील. दोन मुठींमधील अंतर खांद्यांपेक्षा थोडेच जास्त असावे. दुकानात वाळूचे किंवा धान्याचे एक पोते गाडीत ठेवून दहा पावले चालून पाहा. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही. तयार गाडीची उंची जमत नसेल, तर वेल्डिंगच्या दुकानात आपल्या मापाची गाडी बनवून घेता येते. बिघडली तर दुरुस्तीही तिथेच होते.

हिशेब काय सांगतो?

खालच्या गोठ्यापासून वरच्या शेतापर्यंत १०० मीटरची वाट आहे आणि ६०० किलो शेणखत वर न्यायचे आहे, असे समजा. डोक्यावर एका वेळी २० किलो नेले, तर ३० फेऱ्या होतात. जाणेयेणे धरून ते ६ किलोमीटर चालणे झाले. त्यातले ३ किलोमीटर मानेवर ओझे घेऊन चढायचे. गाडीत एका वेळी ६० किलो नेले, तर १० फेऱ्या पुरतात. चालणे २ किलोमीटर होते आणि मान मोकळी राहते. हातांवर येणारा भार सुमारे २० किलोच असतो आणि त्यात चढावर ढकलण्याचा जोर मिळवावा लागतो. गाडी मेहनत संपवत नाही. पण तेवढ्याच ताकदीत तिप्पट माल जातो.

काही सूचना

भरलेली गाडी उतारावर तुम्ही एकट्याने नेऊ नका. मोठे माणूस बरोबर असू द्या. उतरताना माल निम्माच भरा आणि गाडी आपल्या पुढे ठेवून मागे ओढून धरा. गाडीच्या पुढे, उताराच्या बाजूला, लहान मुलांना खेळू देऊ नका. मध्ये थांबायचे असेल, तर चाकाला दगड लावा. पावसाळ्यात गाडी उलटी ठेवा, म्हणजे पत्र्यात पाणी साचणार नाही. आसाला अधूनमधून ग्रीस द्या. चाक कुरकुरू लागले, तर ग्रीस द्यायला उशीर झाला असे समजा.

घरी गाडी घ्यायचे ठरले, तर आधी एक कागद घ्या. त्यावर चार गोष्टी लिहा. वाटेचा चढ किती? वाटेवर दगड आहेत की काटे? सर्वांत जड ओझे कोणते? गाडी कोण चालवणार? तो कागद घेऊन दुकानात जा. दुकानदाराने कितीही गाड्या दाखवल्या, तरी त्यांतली आपली गाडी कोणती, हे तुम्हाला ओळखता येईल.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पयनघाट आणि बालाघाट या शब्दांचा अर्थ काय?
(आ) एकचाकी हातगाडीत टेकू कोणता?
(इ) १६ गेज आणि २० गेज यांपैकी कोणता पत्रा जाड असतो?

२. कारणे लिहा.
(अ) घाटातील रस्ता वळणे घेतो.
(आ) आडव्या उताराच्या वाटेवर एकचाकी गाडी बरी.
(इ) जड गाडी ही मजबूत असतेच असे नाही.

३. हिशेब करा.
गाडीत ४५ किलो माल आहे. त्याचा मध्य आसापासून ४० सेंटिमीटर दूर आहे. मुठी आसापासून १२० सेंटिमीटर दूर आहेत. हातांवर किती भार येईल?

४. 'मजबूत', 'जमीन', 'वजन' हे शब्द मराठीत व उर्दूत सारखेच आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

५. करून पाहा.
काठी आणि पाण्याची बाटली वापरून तुमच्या घराजवळच्या एखाद्या वाटेचा चढ मोजा. त्या वाटेने ओझे कोण वाहते, किती वाहते आणि दिवसातून किती वेळा वाहते, हे त्यांनाच विचारून आठ ओळी लिहा.